वॉर्सांतील नाटकमंडळी

१९४१ सालच्या अखेरीस अर्न्स्ट लुबिच हा दिग्दर्शक हॉलिवूडमध्यें एका विनोदी बोलपटाच्या कामांत गुंतला होता. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’मुळें मराठी वाचकांस परिचित झालेल्या हॅम्लेटच्या स्वगतावरून बोलपटाचें नांव घेतलें होतें, ‘टु बी ऑर नॉट टु बी’. आणि विनोदाचा विषय होता नाझी टाचेखालीं सांपडलेलें वॉर्सा शहर! लुबिच हा बर्लिनच्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा. तो १९२२ सालींच अमेरिकेस गेला. पुढें १९३५ मध्यें हिटलरच्या राजवटीनें त्याचें जर्मन नागरिकत्व काढून घेतलें. हा विषय त्यानें अजाणतां खासच निवडला नव्हता.

जोसेफ टुरा (जॅक बेनी) हा स्वतःवर बेहद्द खूष असलेला नट. मारिया (कॅरोल लोंबार्ड) ही त्याची चतुर पत्नी. नाझींवरील त्यांचें नवें नाटक हिटलर रागावेल या भीतीनें पोलिश सरकार बंद करतें, म्हणून ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर येतें. जोसेफ स्वगतास आरंभ करतो न करतो तोंच प्रेक्षकांतून एक तरुण वैमानिक उठून चालूं लागतो. बिचाऱ्या नटास वाटतें, आपला अभिनय फसला! वस्तुतः स्वगत बरेंच लांब असल्यामुळें तेवढ्या वेळांत मारियाला भेटावयाचा तो संकेत असतो. नटाच्या अहंकारावर इतका नेमका बाण क्वचितच कोणीं मारला असेल. पुढें जर्मन फौजा येतात, आणि बंद पडलेल्या नाटकाचे नाझी गणवेशच या मंडळींचे प्राण वांचवितात.

युद्धरोखे खपवून परतत असतां १६ जानेवारी १९४२ रोजीं लोंबार्ड विमान-अपघातांत मरण पावली. विमानप्रवासाविषयींचें तिचें एक थट्टेचें वाक्य गाळून चित्रपट प्रदर्शित झाला. टीका मात्र दुसऱ्याच वाक्यावर झाली. वेष पालटून आलेल्या टुरालाच एक गेस्टापो अधिकारी सांगतो कीं, त्या नटानें शेक्सपिअरची जी गत केली, तीच आम्ही पोलंडची करीत आहों. अनेकांस हें अमानुष वाटलें. लुबिचनें वाक्य काढलें नाहीं. आपण पोलंडला नव्हे, तर नाझींना आणि संकटांतही नटपणा न सोडणाऱ्या नटांना हंसलों, असें त्यानें जाहीर उत्तर दिलें.

त्याच्या बाजूनें खरी साक्ष देतो तो ग्रीनबर्ग. जन्मभर भालदाराचीं कामें केलेल्या या नटास शायलॉक व्हावयाचें असतें. त्या भाषणांतील ‘ज्यू’ हा शब्द चित्रपटांत गाळला आहे, तरी अर्थ कोणासही चुकत नाहीं. अखेरीस तो तें भाषण बोलतो तेव्हां भोंवतीं खरे जर्मन सैनिक, समोर सोंगाचा हिटलर, आणि मध्यें आयुष्यांत प्रथमच मोठी भूमिका लाभलेला हा भालदार.