शेजारचा रंग

नातीच्या मफलरसाठी लोकरीचे गुंडे निवडताना मला हमखास शेव्हरल आठवतो. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणत. तक्रार अशी, की निळ्या-जांभळ्या विणीत काळा रंग फिका दिसतो. दोष अर्थात रंगाऱ्यांच्या माथी! शेव्हरलने लोकर तपासली. काळा अस्सलच होता. त्याला फिका पाडत होते शेजारचे रंग. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला.

म्हणून गुंडे सुटे पाहू नयेत. पट्ट्यांच्या क्रमाने जवळजवळ मांडून, थोडं लांबून पाहावेत. एखादा रंग मळकट वाटला तर टाकू नका, आधी शेजार बदलून पाहा. वर्गात बाक बदलल्यावर खुललेली मुलं मी पाहिली आहेत.