कराची ते जुहू : तेव्हा सव्वासात तास, आणि आज?

मंडळी, आपल्या दहिसरमध्ये सोसायटीच्या मीटिंगला पुनर्विकासाचा विषय निघाला, की पाचव्या मिनिटाला 'रडार' येतंच. आपण रडार म्हणतो, पण ते आहे विमानतळ प्राधिकरणाचं हाय फ्रिक्वेन्सी रेडिओचं रिसीव्हिंग स्टेशन. साधा व्हीएचएफ रेडिओ साधारण क्षितिजापर्यंतच पोचतो. अरबी समुद्रावर लांब गेलेल्या विमानाशी बोलायचं तर हाय फ्रिक्वेन्सी लागते. त्यात अडथळा नको म्हणून आजूबाजूच्या इमारतींना उंचीची मर्यादा.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट सांगतो.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा सकाळी ६.३५ ला कराचीच्या द्रिघ रोडवरून पस मॉथ नावाचं छोटंसं विमान घेऊन निघाले. सोबत प्रवासी कोणी नाही, फक्त टपाल. लंडनहून कराचीपर्यंतची टपाल इम्पीरियल एअरवेज आणायची, ती पुढे मुंबईला न्यायचं काम टाटांचं. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते आलं बैलगाडीतून! दुपारी १.५० ला विमान जुहूच्या मैदानात उतरलं. एकूण सव्वासात तास. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले.

अहमदाबादहून जुहूकडे येताना ते विमान बहुधा आपल्याच डोक्यावरून गेलं असेल. तेव्हा दहिसर मुंबईतही नव्हतं, ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं. आपण मुंबईत आलो १९५७ ला. आणि गंमत बघा, त्या काळी कराची मात्र मुंबई इलाख्यातच होती! सिंध वेगळा प्रांत झाला १९३६ ला. कराचीत मराठी माणसांची वस्ती होती, तिथली एक जुनी नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते.

आता हिशोब करू. मुंबई-कराची सरळ अंतर जेमतेम ९०० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला दीड तास पुरे. पण थेट विमानच नाही. एप्रिल २०२५ पासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं. दुबईवरून जायचं म्हटलं तर आधी सुमारे तीन तास, मग दोन तास, मध्ये विमान बदलायची वाट बघणं. ९०० च्या जागी ३००० किलोमीटरच्या वर, आणि वेळ पुन्हा तेवढाच, सात तास किंवा जास्तच. नव्वद वर्षांत विमानं कुठल्या कुठे गेली, या वाटेवरचा वेळ मात्र तिथेच.

बंदीला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. आपली माणसं गेली आहेत. पण १९८२ ला, तीन युद्धं होऊन गेल्यावरसुद्धा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला होता. म्हणजे दोन्ही सरकारांनी ठरवलं, की वाट उघडते.

आपलं स्टेशन गोराईला हलवायचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. ते झालं की आपले मजले वाढतील, आणि वाढायलाच हवेत. किती कुटुंबं वर्षानुवर्षं गळक्या घरांत थांबली आहेत! फक्त एवढंच लक्षात ठेवू, की ते स्टेशन इथे होतं ते लांबच्या माणसाचा आवाज ऐकायला.

तुमच्या घरात कोणी जुनी कराची पाहिलेलं होतं का? कमेंटमध्ये नक्की लिहा.