रोहिडखोऱ्याचे जेधे : सोडलेल्या मानाची कहाणी

सह्याद्रीच्या कुशीत, रायरेश्वराच्या पायथ्याशी, भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे हे तेथील घराणे. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या घराण्याचे स्मरण करणे उचित ठरेल. कारण या डोंगरी मुलखात घराणी कशाने बुडाली आणि कशाने तरली, हे त्यातून कळते.

वतन म्हटले की भाऊबंदकी आलीच. जेधे करीन्यात नोंद आहे ती अशी : कान्होजी तान्हे असतानाच त्यांचे वडील नाईकजी यांना भाऊबंदांनी ठार मारले. देवजी महाला नावाच्या इमानी सेवकाने ते मूल वाचवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचविले. पुढे बाजींनी आपली कन्या त्यांना दिली. घरच्यांनी मारावयास काढलेले मूल परक्यांनी वाढविले.

मोठेपणी कान्होजी शहाजीराजांच्या पदरी राहिले. १६४८ साली राजांबरोबर त्यांनाही कैद झाली. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर राजांनी त्यांना शिवाजी महाराजांच्या मदतीस मावळात धाडले.

खरी कसोटी १६५९ साली लागली. अफझलखान चालून आला आणि खानास सामील व्हावे असे आदिलशाही फर्मान मावळच्या देशमुखांना आले. १६ जून १६५९ चे कान्होजींच्या नावचे फर्मान प्रसिद्ध आहे. न गेल्यास वतन जाणार हे उघड होते. शेजारचे उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाचही पुत्रांसह महाराजांकडे गेले व त्यांनी वतनावर पाणी सोडले. पुढे खोपडे हाती लागले, तेव्हा कान्होजींनीच रदबदली केली. उजवा हात व डावा पाय गमावून का होईना, त्यांचा जीव वाचला.

जेधे व हिरडस मावळचे बांदल यांचेही जुने वैर होते. परंतु जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंसह बांदलांच्या मावळ्यांनी खिंडीत देह ठेवले. त्यानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा जेध्यांकडील मान बांदलांना देण्यात आला आणि जेध्यांनी तो खळखळ न करता दिला, असे सांगतात. त्याच साली कान्होजींनी देह ठेवला. आंबवडे येथे नागेश्वराच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे.

या घराण्याचे आणखी एक ऋण आहे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्यांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही शिवजन्माची तिथी त्या कागदाने दिली. घरोघरच्या पेट्यांत आजही जुने कागद असतील. ते चुलीत न घालता दाखवावेत, ही सर्वांस विनंती.

बंधूंनो, ज्या घराण्यात मानासाठी रक्त सांडले, तेच घराणे मान सोडून अमर झाले. आता देवळाचा कळस चढला आहे. पालखीला खांदा कोणी द्यावा, नारळ कोणाचा आधी, यावरून या मंडपात कोणाचे मन दुखावू नये. पहिला मान शेजाऱ्यास देण्याची बुद्धी ग्रामदैवताने आम्हा सर्वांस द्यावी, हीच त्याचे चरणी प्रार्थना.