जीपच्या पुढची लोखंडी पट्टी

मंडळी, बैलगाडी सुतार करतो, पण तिच्या चाकावर धाव चढवतो तो लोहार. पुढे ती ज्याच्या दारात जाते, तो आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात आणखी काही करून घेतो. गाडी एकाने घडवावी आणि वापरणाऱ्याने ती आपलीशी करून घ्यावी, ही चाल आपल्याला नवी नाही. अशाच एका गाडीची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. ती गाडी म्हणजे जीप. कारखान्याने जीप घडवली खरी, पण तिला पुढे जे लोखंड जोडले गेले, ते कामचलाऊ वर्कशॉपांत, शेतावर आणि गल्लीतल्या दुकानांत.

दुसरे महायुद्ध युरोपात पेटले होते. 1940 साली अमेरिकेच्या लष्कराला एक लहान, हलकी आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी हवी होती. 135 कारखान्यांना विचारणा झाली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा, अशी अट होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बँटम नावाच्या छोट्या कारखान्याने ती पत्करली. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण बँटमचा आवाका लहान. म्हणून मोठे काम विलीज आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

आता गंमत पाहा. इतका विचार करून घडवलेल्या गाडीत एक उणीव रणांगणावरच कळली. पुढची काच उन्हात चमकली की शत्रूला दुरून सुगावा लागे, म्हणून सैनिक ती बॉनेटवर आडवी पाडून गाडी हाकत. हे ओळखून जर्मन सैनिक माघार घेताना रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांना बारीक पोलादी तार ताणून बांधू लागले. तार नेमकी माणसाच्या गळ्याच्या उंचीला. अंधारात ती दिसायची कशी? भरधाव जीपमधल्या माणसाचा गळा चिरून जायचा.

अमेरिकेत नवा आराखडा होऊन नव्या गाड्या येईपर्यंत थांबायला वेळ कोणाला होता? सैन्यासोबतच्या कारागिरांनी कोनी लोखंडाची, म्हणजे अँगलची, एक उभी पट्टी घेतली आणि ती पुढच्या बंपरला वेल्डिंगने किंवा बोल्टने पक्की बसवली. उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. शेंड्याजवळ एक खाच किंवा पुढे झुकलेला आकडा. तार पट्टीला लागे, वर सरके, खाचेत अडके आणि गाडीच्या जोरानेच तुटे. धक्का मोठा बसतो, म्हणून कित्येक पट्ट्यांना मागून तिरपा टेकू दिलेला असे. युरोपातल्या लढाईची जुनी छायाचित्रे पाहा. जीपच्या नाकासमोर ही पट्टी उभी दिसेल. दिसायला ओबडधोबड, पण तिने किती माणसे वाचवली असतील!

युद्ध संपले आणि जीप शेतावर आली. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतात अशीच एक जुनी जीप होती. ती मोडली तर दुसरी आणायची कुठून, या अडचणीतून त्यांना स्वतःच गाडी करण्याची कल्पना सुचली. 1947 सालचा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. त्या वेळी इंग्लंडात पोलाद रेशनवर मिळे, म्हणून वरचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. खालच्या सांगाड्यासाठी महागडे साचे न करता पोलादाच्या सपाट पट्ट्या कडेला कड लावून वेल्ड केल्या आणि पोकळ चौकोनी तुळ्या तयार केल्या. 30 एप्रिल 1948 रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती गाडी जगापुढे आली. तीच लँड रोव्हर.

तिकडे फिलिपाइन्समध्ये, 1945 च्या लढाईत मनिला शहर उद्ध्वस्त झाले आणि ट्रामगाड्याही गेल्या. लोकांनी जायचे-यायचे कसे? अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जीप तिथल्या कारागिरांनी घेतल्या, अंग लांबवले, वर टप टाकला आणि आत समोरासमोर दोन लांब बाक बसवले. तिला लोक जीपनी म्हणू लागले. एके काळी घोडागाडी हाकणारे लिओनार्दो साराव यांनी 1953 साली अशा गाड्यांचे वर्कशॉप काढले आणि ते मोठे नावारूपाला आले.

आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबईला माझगावात महिंद्रा कंपनी विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करू लागली. साहेबांची फिरती, निवडणुकीचा प्रचार, देवीची लस, सगळीकडे जीप. पुढे पश्चिम महाराष्ट्रात तिच्याच जातीच्या गाड्यांचे 'वडाप' झाले, विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'. मागे बाक वाढले, फळी जोडली, वर कॅरिअर आला.

इथे मात्र जरा थांबू या. तारेसाठी पट्टी जोडणारा सैनिक स्वतः त्याच गाडीत बसणार होता. सांधा कच्चा राहिला तर गळा त्याचा. पण दहा माणसांच्या गाडीत वीस बसावीत म्हणून फळी जोडली जाते, तेव्हा हिशेब कोण करतो? बैलगाडी उलाळ झाली की काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. जीपचेही तसेच. मागच्या चाकांच्या पलीकडे भार गेला की पुढची चाके हलकी होतात, वळवलेली गाडी वळत नाही, आणि ब्रेक मात्र जुन्याच वजनाचे असतात.

सांगाड्याची गोष्टही तशीच. जीपचा सांगाडा आडव्या ठेवलेल्या शिडीसारखा असतो. एक चाक दगडावर चढले की तो थोडा पिळवटतो आणि पुन्हा सरळ होतो. त्यावर जाडजूड लोखंड जखडून टाकले, तर सगळा ताण टाक्याच्या टोकाशी जमतो आणि तिथूनच चीर धरते. वरून टाका कितीही गुळगुळीत दिसो, आत लोखंड वितळून एकजीव झाले नसेल तर तो नुसता लेप समजा.

आणि ती पुढची पट्टी? रोजच्या वापरातल्या गाडीला तिची गरज उरली नाही. पण गाडीपुढे जाड लोखंडी नळ्यांचा कठडा बसवण्याची हौस आली. त्याची धडक पायी चालणाऱ्याला जीवघेणी ठरते, आणि धक्का पचवण्याची गाडीची रचनाही तो बिघडवतो. म्हणून डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे कठडे बेकायदा असल्याचे सांगून राज्यांना कारवाई करायला कळवले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. अपंग बांधवांना चालवता यावी म्हणून मात्र रीतसर मंजुरीने गाडीत बदल करता येतो. म्हणजे कायदाही गरज ओळखतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना महायुद्ध शिकवताना तहांच्या तारखांबरोबर या पट्टीचेही चित्र फळ्यावर काढा, आणि विचारा: खाच वर का? टेकू मागे का? आणि शेतकरी मित्रांनो, ट्रॉलीला किंवा गाडीला काही जोडायला वेल्डिंगच्या दुकानात जाल, तेव्हा दोन प्रश्न आधी स्वतःला विचारा. हे लोखंड कोणत्या गरजेसाठी? आणि सांधा सुटला, तर इजा कोणाला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दुसऱ्याला' असे आले, तर कारागिराला दुप्पट काळजी घ्यायला सांगा, नाहीतर ते लोखंड दुकानातच राहू द्या.