कुंडीतला टोमॅटो : आटोपशीरपणाचा इतिहास

शहरी मराठी घराचा गेल्या शतकातील प्रवास परस, गॅलरी आणि बाल्कनी या तीन शब्दांत सांगता येतो. वाड्यामागच्या परसात सांडपाण्यावर अळू, केळ, कर्दळ वाढत असे. चाळीत परस गेले आणि गॅलरीच्या कठड्यावर रॉकेलच्या किंवा डालडाच्या रिकाम्या डब्यातून तुळस, ओवा, फार तर एखादे मिरचीचे रोप उभे राहिले. सदनिकेच्या बाल्कनीत आता कुंडीतला टोमॅटो दिसतो. माणसाची जागा आक्रसली म्हणून झाड कुंडीत आले, असे आपण समजतो. पण ते झाडही कुंडीत मावेल असे घडवले गेले आहे, आणि त्या घडणीचा इतिहास दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले, अँडीज पर्वत आणि त्याला लागून असलेल्या किनारपट्टीतले. मोठ्या फळाचा लागवडीचा टोमॅटो मेक्सिकोत रूढ झाला आणि तिथल्या नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचे आजचे नाव आले. युरोपात 1544 साली इटालियन वनस्पतिज्ञ मात्तिओली याने त्याची नोंद केली. उत्तर युरोपात मात्र हे फळ दीर्घकाळ ताटापासून दूरच राहिले. विषारी वनस्पतींच्या कुळातले म्हणून त्याचा संशय घेतला जाई आणि शोभेसाठी ते बागेत लावले जाई. भारतात ते पोर्तुगिजांच्या हातून आले, असे सामान्यतः मानले जाते. नव्या फळाला आपल्या भाषांनी ओळखीच्या फळाचे नाव दिले. बंगालीत ते 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे झाले, तर मराठीत 'बेलवांगी'. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ही नावे चुकीची नाहीत, कारण वांगे आणि टोमॅटो एकाच कुळातले आहेत. वऱ्हाडात ऐकू येणारे 'भेदरे' हे नाव याच फळाचे.

ज्या झाडाला हे नाव मिळाले ते स्वभावाने पसरणारे होते. पोषक हवामान मिळाले तर टोमॅटो कित्येक हंगाम जगतो. त्याचा शेंडा वाढत राहतो, काही पानांनंतर फुलांचा घोस येतो, पुन्हा पाने, पुन्हा घोस. या वाढीला आतून विराम नाही, म्हणून शेतकरी बांबू, तार आणि सुतळी घेऊन त्याची बांधणी करतो. 1914 साली अमेरिकेतील फ्लॉरिडात एक वेगळे झाड आढळले. काही घोस आल्यावर त्याचा शेंडा स्वतःच फुलात संपत होता आणि झाड झुडपासारखे बुटके राहत होते. हा आपोआप घडलेला आनुवंशिक बदल होता. इंग्रजीत त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'स्वतःची छाटणी स्वतः करणारा' असा होतो.

या संयमाचे पहिले मोठे गिऱ्हाईक बाल्कनीतला हौशी माळी नव्हता. बुटक्या झाडाची फळे साधारण एकाच वेळी पिकतात, म्हणजे ती यंत्राने एकदाच तोडता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत जॅक हॅना यांनी यंत्राचा मार सोसणारा, घट्ट सालीचा टोमॅटो तयार केला, तर कोबी लॉरेन्झन यांनी तो तोडणारे यंत्र. मेक्सिकन मजुरांना हंगामी कामासाठी आणणारी 'ब्रासेरो' योजना 1964 अखेर बंद झाली आणि यंत्राचा प्रसार वेगाने झाला. पुढचा हिशेब लँग्डन विनर यांनी 1980 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडला आहे. साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे 4,000 असलेले तिथले टोमॅटो उत्पादक 1973 पर्यंत सुमारे 600 उरले आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंदाजे 32,000 रोजगार नाहीसे झाले. सार्वजनिक पैशातून झालेल्या अशा संशोधनाचा लाभ कोणाला, असा प्रश्न घेऊन 1979 मध्ये विद्यापीठावर खटलाही भरला गेला. झाडाचा आकृतिबंध बदलला तेव्हा त्याभोवतीचा समाजही बदलला.

तोच गुण दुसऱ्या वाटेने कुंडीत आला. फ्लॉरिडा विद्यापीठातील संशोधकांनी 1989 साली 'मायक्रो-टॉम' हा वीतभर उंचीचा वाण प्रसृत केला. स्वतःची छाटणी करणारा तो जुना बदल त्यात आहे आणि खुजेपणाचा आणखी एक बदलही. तो घरगुती कुंडीसाठी होता, पण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आपलासा केला. आज बाल्कनीसाठी विकली जाणारी अनेक झुडपी बियाणी याच आटोपशीर परंपरेतली आहेत.

मग या कुंडीचे मोल काय? ती स्वयंपूर्णता देत नाही, हे आधी मान्य करावे. एका झाडाला दहा-पंधरा लिटर माती, रोजचे पाणी आणि किमान सहा तासांचे ऊन लागते. फळे मिळतात ती मोजकी. जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये काही शहरांत टोमॅटो किलोमागे 200 रुपयांच्या वर गेला, तेव्हा घरोघरी कुंड्यांची चर्चा झाली. दर कोसळले आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, त्या वर्षांत ती झाली नव्हती. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्याचा 20 किलोचा कॅरेट मातीमोल जातो, त्याच्या प्रश्नाला आपली कुंडी उत्तर देऊ शकत नाही.

कुंडी देते ती वाचनाची सवय. पाण्याच्या पाळीत दोन दिवस अनियमितपणा झाला की मुळांवाटे येणारे कॅल्शियम फळापर्यंत पुरेसे पोचत नाही आणि त्याचे बूड काळे पडून सडते. वारा अडलेल्या बाल्कनीत फुलांना हलकी टिचकी मारावी लागते, तेव्हा पराग झडतो. कडक उन्हाळ्यात फूल धरतच नाही. एवढ्या अडचणी एका झाडाच्या. एकरभर झाडांच्या किती, याचा अंदाज कुंडीपाशी उभे राहिल्याशिवाय सहसा येत नाही. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली जीभ त्या अंदाजाने थोडी अडखळली, तर कुंडीतले पीक हाती आले म्हणायचे.