पेट्रोलचलित हवा संपीडकाचे वंगण तेल

पेट्रोलचलित हवा संपीडकाचे वंगण तेल म्हणजे पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या हवा संपीडकातील (एअर कॉम्प्रेसर) फिरत्या व सरकत्या भागांचे घर्षण कमी करण्यासाठी वापरले जाणारे तेल होय. अमेरिकेत पेट्रोलला बोलीभाषेत ‘गॅस’ म्हणतात. त्यामुळे तेथे ‘गॅसवर चालणारा’ म्हणून ओळखला जाणारा संपीडक सामान्यतः पेट्रोलवरचा असतो. वीजपुरवठा नसलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ बांधकामावर, शेतात किंवा रस्त्याकडेच्या टायर दुरुस्तीसाठी, असे संपीडक उपयोगी पडतात.

दोन यंत्रे, दोन तेले

या संपीडकात इंजिन आणि पंप अशी दोन स्वतंत्र यंत्रे पट्ट्याने किंवा थेट दांड्याने जोडलेली असतात. सामान्यतः प्रत्येकाची तेलाची टाकी वेगळी असते. दोन्हींमध्ये पिस्टन असला तरी त्यांचे काम भिन्न आहे. इंजिनात इंधन जळते व काजळी तयार होते. पंपात ज्वलन होत नाही, केवळ हवा दाबली जाते. म्हणून एकाला योग्य असलेले तेल दुसऱ्याला योग्य असेलच असे नाही. काही लहान पंप तेलविरहित बनावटीचे असतात. त्यांत तेल घालायचे नसते, मात्र त्यांच्या इंजिनाला तेल लागतेच.

इंजिनाचे तेल

चार फेऱ्यांच्या (फोर स्ट्रोक) लहान इंजिनांत सर्वसाधारणपणे १०डब्ल्यू-३० प्रतीचे मोटार तेल वापरतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असून ते थंडीतील प्रवाहीपणा दर्शवते. उष्ण हवामानात एस.ए.ई. ३० हे एकश्रेणी तेलही चालते. इंजिनाच्या तेलात प्रक्षालक (डिटर्जंट) घटक असणे आवश्यक असते. ते काजळीचे कण तेलात तरंगत ठेवतात व धातूवर थर साचू देत नाहीत.

पंपाचे तेल

दाबल्यामुळे हवा तापते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा एकाच टप्प्यात मूळ दाबाच्या आठपट दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे २७५ अंशांपर्यंत जाते. हेच काम दोन समान टप्प्यांत, मध्ये हवा पूर्ववत थंड करून केले, तर प्रत्येक टप्प्याअखेर ते सुमारे १३५ अंश राहते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या पंखांमधून काही उष्णता निघून जाते. तरीही बाहेर पडणाऱ्या हवेच्या झडपेजवळ तेलाला मोठ्या तापमानास तोंड द्यावे लागते. तेथे दाबलेल्या हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तेल घट्ट होते व झडपांवर कार्बनचा थर जमतो. झडप नीट बंद होत नाही, गरम हवा परत आत येते आणि तापमान आणखी वाढते. हा थर पेटल्यास निकास नळीत आग किंवा स्फोट होऊ शकतो. तेलाची निवड हा त्यामुळे सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

दाबलेली हवा थंड होताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. प्रक्षालकयुक्त तेलात हे पाणी मिसळून दुधाळ पायस बनू शकते, तर प्रक्षालकविरहित तेलापासून ते वेगळे होऊन तळाशी बसते. या कारणांमुळे बहुतेक पिस्टन पंपांसाठी प्रक्षालकविरहित संपीडक तेल सुचवले जाते. काही उत्पादक मात्र ठरावीक मोटार तेलास मान्यता देतात. म्हणून यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी.

श्यानतेची प्रत

औद्योगिक तेलांची प्रत आय.एस.ओ. व्ही.जी. या क्रमांकाने सांगतात. हा क्रमांक ४० अंश सेल्सिअसला असलेली श्यानता (तेलाचा दाटपणा) चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या एककात दर्शवतो. व्ही.जी. १०० म्हणजे ९० ते ११० दरम्यानची श्यानता. स्थूलमानाने व्ही.जी. ६८ हे एस.ए.ई. २० च्या, व्ही.जी. १०० हे एस.ए.ई. ३० च्या आणि व्ही.जी. १५० हे एस.ए.ई. ४० च्या जवळ येते. दोन्ही मापनपद्धतींचे आकडे एक समजल्यास चूक होते. व्ही.जी. ३२ हे तेल एस.ए.ई. ३० पेक्षा पुष्कळ पातळ असते.

पिस्टन पंपासाठी व्ही.जी. १०० ही नेहमीची प्रत होय. थंड प्रदेशात व्ही.जी. ६८ वापरल्यास यंत्र सहज सुरू होते. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाते. तेथे पातळ तेलाचा थर तुटण्याचा धोका असतो. क्रमांक सारखा असला तरी गुण सारखे नसतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेचे ६८ क्रमांकाचे तेल हे संपीडक तेलाचा पर्याय नव्हे.

खनिज व संश्लेषित तेले

खनिज तेल स्वस्त असते, पण ते लवकर बदलावे लागते. संश्लेषित तेल उष्णतेत अधिक टिकते व कार्बन कमी सोडते. मात्र डायएस्टर प्रकारची तेले काही रबरी सील व रंग खराब करतात, तर पॉलिग्लायकॉल तेले खनिज तेलात मिसळत नाहीत. प्रकार बदलताना जुने तेल पूर्ण काढणे आवश्यक असते.

देखभाल

तेलाची पातळी यंत्र बंद करून, सपाट जागेवर तपासावी. काचेची खिडकी असल्यास पातळी साधारणतः मध्यखुणेशी असावी. तेल कमी पडल्यास भाग झिजतात, तर जास्त झाल्यास ते हवेबरोबर टाकीत जाते. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे, तर काळे व जळका वास येणारे तेल अतिउष्णतेचे लक्षण होय. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलतात, कारण त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात.

वापरलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. भारतात ते २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देणे अपेक्षित असते. कोणतेही तेल वापरले तरी अशा संपीडकाची हवा श्वसनासाठी वापरू नये. तीत तेलाचे कण असतात, शिवाय इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तीत शोषला जाण्याचा धोका असतो.