स्वयंपाकातील वजन-माप रूपांतर

स्वयंपाकातील वजन-माप रूपांतर म्हणजे पाककृतीत वाटी, चमचा, कप अशा मापांनी दिलेले जिन्नसाचे प्रमाण ग्रॅममध्ये, अथवा ग्रॅममध्ये दिलेले प्रमाण मापात बदलणे होय. मापाने जिन्नसाचे आकारमान कळते, वजनाने त्यातील द्रव्य कळते. त्यामुळे सर्व जिन्नसांना लागू पडेल असा एकच गुणक नाही.

तत्त्व

वजन (ग्रॅम) = आकारमान (मिलिलिटर) × घनता (ग्रॅम प्रति मिलिलिटर). पाण्याची घनता सुमारे १ असल्याने त्याचे वजन व आकारमान यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. तेल पाण्यापेक्षा हलके, तर मध जड असतो. पीठ, रवा व धान्य यांच्या कणांमध्ये हवा असते. म्हणून चाळून अलगद भरलेल्या पिठाचे वजन दाबून भरलेल्या पिठाहून बरेच कमी भरते. सपाट व शिगेचे माप यांतही मोठा फरक पडतो.

परंपरागत मापे

महाराष्ट्रात धान्य मापून देण्याची पद्धत होती. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली आणि २ अधोल्या म्हणजे १ पायली, असे सर्वसाधारण कोष्टक होते; मात्र प्रदेशानुसार त्यात फरक आढळे. ‘शेर’ हे वजनाचेही नाव होते. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. मापी शेराचे वजन मात्र त्यात काय भरले आहे यावर अवलंबून असे. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजने व मापे स्वीकारण्यात आली.

अंदाजे वजने (२४० मिलिलिटरचा सपाट कप)

- पाणी : २४० ग्रॅम
- दूध : २४५ ग्रॅम
- गोडेतेल : २२० ग्रॅम
- मध : ३४० ग्रॅम
- दाणेदार साखर : २०० ग्रॅम
- तांदूळ : १८५ ते २०० ग्रॅम
- रवा : १६५ ते १७५ ग्रॅम
- कणीक : १२० ते १३५ ग्रॅम
- मैदा : १२० ते १२५ ग्रॅम

वाटी व चमचा

घरगुती वाटीला ठरलेले माप नाही. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा व ती पाण्याने काठोकाठ भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर त्या वाटीचे आकारमान होय. वरील आकड्याला त्या आकारमानाने गुणून २४० ने भागल्यास त्या वाटीतील जिन्नसाचे वजन मिळते. उदाहरणार्थ, १५० मिलिलिटरच्या वाटीत साखर २०० × १५० ÷ २४० = १२५ ग्रॅम, तर मैदा सुमारे ७५ ग्रॅम मावतो. लहान चमचा ५ व मोठा चमचा १५ मिलिलिटरचा मानतात. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. कप अमेरिकेत सुमारे २३७, तर जपानमध्ये २०० मिलिलिटरचा असतो.

अचूकतेचे महत्त्व

आमटी वा उसळीत थोडा फरक चालतो. केक, साखरेचा पाक व लोणचे यांत मात्र चालत नाही. खडे मिठाच्या कणांत पोकळी अधिक असल्याने एक चमचा खडे मीठ बारीक मिठापेक्षा वजनाला कमी भरते. बारीक मिठाचे माप खडे मिठाला लावल्यास लोणच्यात मीठ कमी पडून त्याला बुरशी लागण्याचा संभव असतो. याउलट केल्यास पदार्थ खारट होतो. अशा पदार्थांत जिन्नस वजनाने घेणे अधिक खात्रीचे ठरते.